मुंबई–लंडन: अंतर एक, तास दोन प्रकारचे

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला की झाले आठ तास, असा हिशेब बरेच जण मांडतात आणि तिकिटावर साडेनऊ-दहा तास पाहून चक्रावतात. परतीला त्याहून तासभर कमी लागतो, ते वेगळंच.

त्यावर हमखास उत्तर मिळतं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना! पण तसं असतं तर मुंबईवर हेलिकॉप्टर तासभर नुसतं तरंगत ठेवलं की खाली ओमानचा किनारा आला असता. लंडनही विमानाकडे धावत आलं असतं, म्हणजे वेळ जाताना वाचला असता. घडतं नेमकं उलट. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि विमान त्या हवेतच असतं.

खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरच्या झोताचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो. लंडनला जाताना वारा समोरून, येताना पाठीशी. पृथ्वीच्या फिरण्याचा यात हात आहे, पण आडून: उष्ण कटिबंधातून ध्रुवाकडे निघालेली उंचावरची हवा त्या फिरण्यामुळेच पूर्वेकडे वळते.

‘जवळचा मार्ग म्हणजे लवकरचा मार्ग’ हेही म्हणूनच दरवेळी खरं नाही. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० झालं, वेळ मात्र दोनेक तासांनी घटला.

नकाशाही फसवतो. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-लंडन पट्टीने जोडलं, तर रेघेचा मध्य सीरिया-तुर्कस्तानच्या आसपास पडतो. गोलावर दोरा ताणून पाहा, तो बराच उत्तरेला, कॉकेशसमध्ये पडेल. अर्थात विमान त्या दोऱ्यावरूनही जाईलच असं नाही. कुणाचं आकाश खुलं आहे, हे राजकारण ठरवतं. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला.

आता तिकिटावरच्या वेळा. दुपारी एकला निघून संध्याकाळी सहाला लंडन, म्हणजे पाच तास नव्हेत. दोन्ही वेळा स्थानिक असतात. ब्रिटनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळ्यात हा प्रवास साडेनऊ तासांचा. शिवाय ही वेळ मुंबई विमानतळाच्या गेटपासून लंडनच्या गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं, हीथ्रोवर उतरण्याआधी कधी हवेत घिरट्या घालणं, हे सगळं कंपन्या त्यात धरूनच ठेवतात. विमान ‘वीस मिनिटं लवकर’ पोहोचल्याची घोषणा झाली, तर पुष्कळदा ती वीस मिनिटं वेळापत्रकात राखून ठेवलेलीच असतात.