मीटर लीन म्हणतो तेव्हा

पूर्वी मिस्त्री प्लग काढून बघायचा. टोक पांढरंफटक दिसलं की निदान पक्कं: पेट्रोल कमी, हवा जास्त, मिक्श्चर लीन. मग कार्बोरेटरचा जेट बदलायचा. आता इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, लॅपटॉप जोडतात. स्क्रीनवर पेट्रोलचा तक्ता, म्हणजे मॅप, उघडतो आणि लीन दिसलं की त्या घरातला आकडा वाढवून मोकळं व्हायचा मोह होतो. ट्यूनिंगमधल्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

कारण लीन सांगणारा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही, एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजतो. बॉशचा हा लॅम्डा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत पहिल्यांदा बसला. साधा सेन्सर ०.४५ व्होल्टच्या वर रिच आणि खाली लीन, एवढंच बोलतो. नेमकं किती, ते कळायला वाइडबँड लागतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, तिथे लॅम्डा १. ई२० मध्ये इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून हाच आकडा सुमारे १३.५ वर उतरतो. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या मॅपवर ई२० भरलं, तर मिक्श्चर सात-आठ टक्के लीन होणारच. पण बरेच मीटर लॅम्डाला १४.७ ने गुणून दाखवतात, त्यामुळे ई२० वरही मिक्श्चर बरोबर असताना १४.७ च दिसतं. वाद घालायचा तर लॅम्डात घालावा.

आता खोटा लीन. चारांपैकी एक सिलेंडर मिसिंग करत असेल तर त्यातलं पेट्रोल तसंच बाहेर जातं आणि हवाही. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन बघून ‘लीन’ ओरडतो. तुम्ही पेट्रोल वाढवता, प्लग ओला होतो, मिसिंग वाढतं, मीटर आणखी लीन दाखवतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी हीच फसगत. लॅपटॉप उघडण्याआधी प्लग, कॉइल आणि जोड तपासायचे ते यासाठी.

खरा लीन कुठून येतो, हे तो कधी दिसतो यावरून कळतं. आयडलिंगला लीन आणि रेस दिली की बरा, तर मॅनिफोल्ड कुठेतरी हवा ओढतोय. इंजिन थंड असताना गॅस्केटच्या कडेने कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारत जावं. एका जागी आरपीएम अचानक बदलतो, मीटर क्षणभर रिचकडे सरकतो, की गळती सापडली. (गरम एक्झॉस्टजवळ हा उद्योग करू नये, क्लीनर पेट घेतो.)

उलट, आयडलिंग ठीक पण चढावर, पूर्ण थ्रॉटलला लीन, तर संशय पंप आणि फिल्टरवर. फ्युएल प्रेशर ३ बारवरून २.४ वर आलं तर इंजेक्टरचा प्रवाह सुमारे साडेदहा टक्के घटतो, कारण तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो. गेज लावून गाडी लोडवर चालवावी; उभ्या गाडीवर हा दोष लपतो.

माझा आवडता दोष मात्र तिसराच. आयडलिंगला हेडलाइट आणि एसी लावला की मीटर लीनकडे सरकतो. इंजेक्टर उघडायला अंदाजे एक मिलिसेकंद खातो आणि व्होल्टेज पडलं की जास्त. आयडलिंगचा पल्सच दोन-अडीच मिलिसेकंदांचा, त्यामुळे हा वेळ मोठा वाटा उचलतो. ईसीयूमधला या वेळेचा, म्हणजे डेड टाइमचा, तक्ता चुकलेला असतो आणि लोक मात्र मुख्य मॅप खरवडत बसतात. थ्रॉटल झटक्यात उघडल्यावर येणारा क्षणिक लीनही असाच. थोडं पेट्रोल इनटेकच्या भिंतींना चिकटून राहतं, त्याची भरपाई ॲक्सिलरेशन एन्रिचमेंटमध्ये करायची असते.

हे सगळं निस्तरूनही लीन उरला, तर मॅपला हात लावावा. पूर्ण लोडवर लॅम्डा ०.८८ हवा आणि लॉगमध्ये ०.९५ दिसतो, तर ०.९५ भागिले ०.८८, म्हणजे त्या घरातला आकडा आठ टक्क्यांनी वाढवायचा. शेजारची घरंही बेताने वर आणायची. एक्झॉस्टचा वायू सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे चढत्या आरपीएमवरचं रीडिंग बऱ्याचदा मागच्या घराचं असतं. शक्यतो आरपीएम स्थिर ठेवूनच नोंद घ्यावी. आणि लोडवर नॉकिंगचा खडखडाट कानावर आला तर लॉग पुरा होईपर्यंत थांबू नये. थ्रॉटल सोडावा. पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.