काइयुकान, ओसाका : आधी वर, मग खाली

ओसाका बंदरातलं हे मत्स्यालय १९९० साली सुरू झालं. सरकता जिना थेट आठव्या मजल्यावर नेतो. तिथून मधल्या प्रचंड टाकीला वळसे घेत उतरायचं. टाकी ९ मीटर खोल, पाणी ५,४०० टन. त्यामुळे व्हेल शार्कची आधी ठिपकेदार पाठ दिसते, दोन मजले खाली आल्यावर पांढरं पोट; मग दर वळणावर ‘आई, हा मघाचाच का गं?’ सुरू! वाट उताराची, म्हणून ‘कडेवर घे’चा हट्ट जरा उशिरा येतो. शेवटी उथळ पाण्यातल्या पाकटांना आणि छोट्या मुशींना हात लावता येतो. बाह्या कोपरापर्यंत सारल्या तरी भिजतातच. पिशवीत जादा सदरा ठेवा. शनिवार-रविवार शक्यतो टाळाच.