जयपूर, रात्री दहाच्या आत

हार्डकोर बँडचे स्टेजवरचे व्हिडिओ आता सगळ्यांनी पाहिलेत. घशाच्या शिरा ताणून ओरडणारा गायक, त्याच्या माइकवर तुटून पडणारी पोरं, काळे टी-शर्ट, घाम. दिल्लीच्या ब्लडीवुडने २०१९मध्ये युरोपचा दौरा केला, वाकेनच्या महोत्सवात वाजवलं आणि त्या दौऱ्याची फिल्मही लोकांनी घरबसल्या बघितली. मुंबईच्या स्क्राइबने तेजा आणि मोगॅम्बोला अल्बमच्या नावात बसवलं, तेही जुनं झालं. ते सगळं पुन्हा सांगत बसत नाही. स्टेजवरची चाळीस मिनिटं कॅमेऱ्यात येतात, बाकीचा दिवस येत नाही. मुंबईच्या एका बँडबरोबर मी त्या बाकीच्या दिवसात राबलो आहे. केबल गुंडाळणं, टी-शर्टचं टेबल मांडणं, हिशेब ठेवणं ही माझी कामं. बँडचं नाव सांगत नाही. पोरं आता चांगल्या नोकऱ्यांत आहेत, आणि यातलं निम्मं त्यांच्या घरी अजून ठाऊक नाही.

या संगीताचं अमेरिकेतलं पुराण व्हॅनमध्ये घडलं. ब्लॅक फ्लॅग या बँडमध्ये १९८१ साली आलेला हेन्री रोलिन्स त्याआधी वॉशिंग्टनमध्ये आइस्क्रीमच्या दुकानाचा मॅनेजर होता. मग वर्षानुवर्षं व्हॅनमधून फिरला आणि त्या दौऱ्यांच्या डायऱ्यांचं ‘गेट इन द व्हॅन’ हे पुस्तक १९९४मध्ये आलं. आमच्या गिटारिस्टने ते पुस्तक इतकं वाचलं होतं की त्याला व्हॅनच हवी होती. मुंबई ते जयपूर अकराशे किलोमीटरच्या वर आहे, हे त्याला बेसिस्टने कागदावर डिझेलच्या भावासकट मांडून दाखवलं. त्याच संध्याकाळी गिटारिस्टने स्वतः स्लीपरची तिकिटं काढली.

ड्रमरने दौऱ्यावर ड्रम न्यायचे नसतात. ते तिथला साउंडवाला देतो. न्यायचे ते फक्त ब्रेकेबल्स, म्हणजे स्नेअर, झांजा आणि किकचं पेडल. मुंबई सेंट्रलहून सुटणाऱ्या जयपूर सुपरफास्टमध्ये झांजांची गोल बॅग बाकाखाली मावेना, म्हणून खिडकीशी उभी केली होती. टीसी आले, बॅगेवर टिचकी मारून म्हणाले, “बरतन हैं?” ड्रमरने चेन उघडली. आतली काशाची भलीमोठी झांज बघून साहेब तिकिटं विसरले आणि बाकावर बसलेच. गावच्या रामायण मंडळीत ते स्वतः मंजिरा वाजवायचे. झांज मधल्या भोकात बोट घालून त्यांनी उचलली, कडेला नख मारलं, कान लावला. “इसमें बाल आ गया है,” म्हणाले. ड्रमरने हसून बॅग बंद केली. दुसऱ्या दिवशी साउंडचेकच्या दुसऱ्याच गाण्यात ती झांज कडेपासून वीतभर चिरत गेली.

सकाळी भवानी मंडी आलं. हे स्टेशन मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या हद्दीवर उभं आहे. बेसिस्ट चहाला उतरला, सुटे नाहीत म्हणून अडला आणि गाडी हलली. आम्ही दारात ओरडतोय, तो कुठेच दिसेना. शामगढपासून आमच्या डब्यात भांडत असलेल्या एका आजींनी त्याला मागच्या डब्याच्या दारातून चढताना पाहिलं होतं. त्यांनी ते आम्हाला कोटा येईपर्यंत सांगितलं नाही, कारण तेवढा वेळ त्यांना त्याची खिडकी मिळाली.

जयपुरात देवउठनी एकादशी झाली की लग्नं सुरू होतात आणि शहरातला चांगला साउंड मांडवांत जातो. उरतो तो आमच्यासारख्यांना. सी-स्कीममधल्या एका गच्चीवर कार्यक्रम होता. साउंडवाले भाईसा टेम्पोतून उतरले ते लग्नाच्या ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट घेऊन. किकच्या ड्रमवर सोनेरी अक्षरांत कुणा वधूवरांची नावं अजून चिकटलेली होती. गच्चीची फरशी कोटा दगडाची, घासून गुळगुळीत केलेली. आमचा ड्रमर दोन्ही पायांनी किक मारतो. अशा फरशीवर चार ठोक्यांत ड्रम पुढे सरकतो आणि गायकाच्या पोटऱ्यांना लागतो. भाईसांनी क्षणभर बघितलं, खाली गेले आणि तंबूवाल्याकडून जाड दरी घेऊन आले. दरी अंथरून तिच्या पुढच्या कडेवर विटा रचल्या, ड्रमच्या पायांना सुतळी बांधून ती ड्रमरच्या स्टुलाला मागे ताणली. आता ड्रम पुढे जायचा तर ड्रमरला ओढत न्यावं लागणार. आवाज मात्र रिकाम्या पिंपासारखा घुमत होता. आत उशी किंवा घोंगडी कोंबतात म्हणजे ठोका सुटा आणि कोरडा येतो. भाईसांनी टेम्पोत स्वतःला रात्री पांघरायला ठेवलेली जयपुरी रजई आणली, दुमडून आत सरकवली आणि एकदा मूठ मारून बघितली. मी भल्याभल्या हॉलमध्ये किकचा आवाज ऐकला आहे. त्या गच्चीइतका खणखणीत पुन्हा मिळाला नाही, आणि भाईसा त्या रात्री टेम्पोत गोणपाट पांघरून झोपले.

साउंडचेक सुरू झाला. गायकाने माइक धरला आणि पूर्ण ताकदीने एक गाणं काढलं. गच्चीवरची कबुतरं उठली, शेजारच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. गाणं संपल्यावर भाईसा मिक्सरवरून मान वर करून शांतपणे म्हणाले, “ठीक है। अब सिंगर को बुला लो।”

त्याच गाण्यात सिंगरचा घसा गेला. रेल्वेतला वारा, रात्रभराच्या गप्पा आणि वॉर्मअप न करता मारलेली पहिली किंकाळी. बाहेरच्या लोकांना वाटतं ही पोरं नुसती बोंबलतात. प्रत्यक्षात तो आवाज श्वासावर आणि घशाच्या वरच्या पडद्यांवर तोलून काढायचा असतो, तोल गेला की स्वरयंत्र सोलून निघतं. आम्ही उतरलो होतो बनी पार्कला, गिटारिस्टच्या मावशीकडे. मावशी मूळच्या कोल्हापूरच्या, लग्न होऊन जयपूरला आलेल्या, गाण्याच्या घरातल्या. त्यांनी गायकाला आ करायला लावून टॉर्चने घसा बघितला. “बोलायचं नाही. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं जास्त ताण येतो. हे ज्येष्ठमध तोंडात धर आणि गप बस.” गिटारिस्ट घाबरून म्हणाला, “मावशी, कार्यक्रम रात्री आठला आहे.” मावशी म्हणाल्या, “अरे, अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज वर्ष-दोन वर्षं गेला होता. तुझ्या मित्राचे काही तास.”

मग वाफेचं पातेलं चढवता चढवता त्यांनी ती हकीकत सांगितली. जयपूरच्या मुलखातले उनियाऱ्याचे खाँसाहेब, जन्म १८५५चा. रतलामजवळच्या आमलेटा या छोट्या संस्थानात त्यांना इतकं गायला लागलं की आवाज बसला. परत आला तो पूर्वीचा राहिला नाही. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात ती रुजली आणि केसरबाई, मोगूबाईंच्या गळ्यातून महाराष्ट्राला जयपूर घराणं म्हणून मिळाली. आमची गाडी पहाटे त्याच रतलामवरून आली होती आणि आम्ही तिथे फक्त शेव घेतली होती. दुपारभर गायक मोबाइलवर लिहून बोलत होता. त्याने मावशींना लिहून विचारलं, “तुम्ही आमचं गाणं ऐकलंय?” मावशी म्हणाल्या, “ऐकलं. सम कुठे आहे ते सापडलं नाही, पण तुम्हा चौघांना एकदम सापडते, म्हणजे आहे.” कुठल्याही समीक्षकाने या बँडबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं नाही.

बँडबँडमधली भांडणं पोस्टरवर दिसत नाहीत. त्या रात्री तीन बँड होते. जयपूरची इंजिनिअरिंगला असलेली पोरं, दिल्लीचा एक बँड आणि आम्ही. दिल्लीच्या आणि आमच्या ड्रमरचं जुनं वाकडं होतं. मागे एका कॉलेजात आमच्या ड्रमरच्या स्नेअरचं कातडं दिल्लीवाल्याच्या हातून फाटलं, आणि दिल्लीवाल्याने चकार शब्द काढला नव्हता. दोघं गच्चीच्या दोन टोकांना बसून होते. आमची झांज चिरली होती. तासाभराने दिल्लीवाल्याच्या पेडलची स्प्रिंग तुटली. आता दोघांकडेही अर्धंच सामान. दोघांपैकी कुणी उठेना. शेवटी मीच एका हातात पेडल नेलं, दुसऱ्या हातात झांज आणली, आणि दोघांनी मला विचारलं, “तो काही म्हणाला का?” दोघांनाही मी सांगितलं, “थँक्यू म्हणाला.” आज ते दोघं एकमेकांच्या लग्नातले फोटो टाकतात. हे ‘थँक्यू’ कुणीच म्हटलं नव्हतं, ते त्यांना हा लेख वाचून कळेल.

क्रमाचं राजकारण याहून बारीक असतं. लोकांना वाटतं शेवटी वाजवण्याचा मान मोठा. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम लागू झाल्यापासून उघड्यावर रात्री दहानंतर आवाज बंद, त्यामुळे शेवटच्या बँडचीच गाणी कापली जातात. हा नियम मला मान्य आहे. रुग्णालयाजवळ राहणाऱ्यांनी काय सोसलं असेल ते धोबी तलावच्या रंगभवनात ज्यांनी इंडिपेंडन्स रॉकची गर्दी पाहिली आहे त्यांना कळेल. १९८६पासूनच्या त्या सोहळ्याचं हे लाडकं ठिकाण शांतता क्षेत्रात आलं आणि संगीताला मुकलं. पण नियम असा असल्यामुळे स्टेजमागे “पहले आप”चा खेळ रंगतो. दिल्लीवाल्यांनी पाहुण्यांचा मान म्हणून शेवटची जागा आम्हाला दिली. आम्ही ती मनातल्या मनात चडफडत स्वीकारली. कार्यक्रम सुरू व्हायलाच उशीर झाला होता, म्हणजे आम्हाला पंधरा मिनिटं मिळणार हे ठरलेलं. प्रत्यक्षात स्टेजवर गेलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. हा वेळ आला कुठून ते मला सामान आवरताना कळलं. जयपूरच्या पोरांनी फरशीला चिकटवलेली त्यांची गाण्यांची यादी सापडली. सात गाणी लिहिलेली, त्यातली खालची तीन पेनाने खोडलेली. स्वतःच्या गावात, स्वतःच्या मित्रांसमोर त्यांनी ती सोडली आणि आम्हाला कुणी काही बोललं नाही.

गायकाचा आवाज लागला. पहिल्यासारखा नव्हता, जरा खरबरीत होता, आणि मला तोच अधिक आवडला. गाण्यातला संथ, जड भाग, म्हणजे ब्रेकडाउन, आला तशी समोरची पोरं गोल फिरू लागली, हातपाय झाडू लागली. नेमके तेव्हाच जिना चढून हवालदार आले. खालून कुणी तरी मारामारी चालू आहे असं सांगितलं होतं. ते काठी सावरून पुढे होणार इतक्यात एक मुलगा धाडकन पडला. चार हातांनी त्याला तत्क्षणी उचललं, पाचव्याने त्याचा चष्मा शोधून पुसून डोळ्यांवर ठेवला आणि तो पुन्हा गोलात शिरला. या गोलाचा, म्हणजे पिटचा, पहिला नियमच हा आहे, पडलेल्याला आधी उचलायचं. हवालदारांनी मला विचारलं, “ये लड़ रहे हैं या उठा रहे हैं?” मी म्हटलं, “दोनों।” त्यांनी घड्याळ पाहिलं. दहाला सात मिनिटं कमी होती. टोपी काढून काखेत धरली आणि ती सात मिनिटं ते भिंतीला टेकून बघत राहिले. दहा वाजता मात्र त्यांनी स्वतः भाईसांच्या मिक्सरकडे बोट केलं आणि चालू गाण्याच्या मध्यावर आवाज बंद झाला. पोरांनी उरलेलं गाणं टाळ्यांवर, विजेशिवाय म्हणून पूर्ण केलं. त्याला नियम लागू नव्हता.

दरवाजावरचे पैसे तिघांत वाटल्यावर आमच्या वाट्याला आलं त्यात पुढच्या कार्यक्रमासाठी दिल्लीची बस निघत नव्हती. टी-शर्ट चार गेले, त्यातला एक मावशींनी यजमानांसाठी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधी कॅम्पच्या बस अड्ड्याजवळ कांद्याची कचोरी खात आम्ही हिशेब करत होतो, तोच भाईसा शोधत आले. त्यांचा ऑर्केस्ट्रावाला ड्रमर तापाने पडला होता, संध्याकाळी एका लग्नाच्या संगीताचा कार्यक्रम होता, आणि वधूपक्ष बडा होता. दिल्लीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी असल्याने आमचा ड्रमर गेला. शेरवानी भाईसांच्या भाच्याची घातली. रात्री साडेनऊपर्यंत तो नवरीच्या काकूंच्या नाचाला ठेका धरून होता, आणि एका गाण्यात राहवलं नाही म्हणून त्याने दोन्ही पायांनी किक सोडली. नवऱ्याकडची पोरं वेडी झाली, पुन्हा पुन्हा तेच मागू लागली. त्या एका रात्रीचं पाकीट सबंध दौऱ्याच्या कमाईपेक्षा जाड निघालं. सगळ्यांची दिल्लीची तिकिटं त्यातून आली, नवी झांज आली, आणि मी आग्रह धरला म्हणून भाईसांना एक नवी रजईही आली. बँडच्या पेजवर त्या दिवसाची नोंद ‘जयपुरात विश्रांती’ अशी आहे.