कोयनेचे पाणी समुद्राला मिळते तेथे
(सभासदांच्या एक दिवसाच्या चिपळूण-दाभोळ सहलीचा वृत्तांत)



कोयनेच्या खोऱ्यात पावसाचा थेंब पडला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट देवाने घातलेली. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळायचे, आपल्या शिवाराच्या कडेने पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडायचे आणि विजयवाड्याच्या खाली त्रिभुज प्रदेशातून बंगालच्या उपसागरात जायचे. दुसरी वाट माणसाने पाडलेली. शिवसागर जलाशयातून बोगद्यात शिरायचे, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरायचे, वीज देऊन वाशिष्ठीत पडायचे आणि चिपळूण-दाभोळवरून अरबी समुद्र गाठायचा. पहिल्या वाटेवर हजार किलोमीटरच्या वर चाल आहे. दुसरी वाट मात्र सकाळी निघून रात्री घरी परतण्याइतकी जवळ आहे.

"आमचं पाणी कोकणात जातं" हे वाक्य आपल्याकडे पारावर, सोसायटीत, वार्षिक सभेत नेहमी ऐकू येते. पण जाते म्हणजे नेमके कुठे जाते, तिकडे त्याचे काय होते, हे पाहिलेले सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून गळीत हंगाम आटोपल्यावर दोन गाड्या करून आम्ही ही वाट पाहून आलो. महिला सभासदांचा सहभाग चांगला होता. माहिती द्यायला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता बरोबर होते. त्यांनी दिवसभर न कंटाळता आमच्या शंभर शंकांना उत्तरे दिली.

घाट उतरताना

पहाटे चारला निघून पाटण, कोयनानगर, हेळवाक करीत आम्ही कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलो. कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टी.एम.सी. आपल्या माणसाला टी.एम.सी. ऐकून माहीत असते, पण डोळ्यांपुढे येत नाही. एक टी.एम.सी. म्हणजे जवळजवळ २,८३० कोटी लिटर. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे आपण ज्याला बच्छावत लवाद म्हणतो त्याने, १९७६ च्या अंतिम निवाड्यात कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टी.एम.सी.ची मर्यादा घातली. हे पाणी-वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला संपते. मे महिन्यात आपल्याकडे पाण्याची ओढ लागते, तेव्हा "पश्चिमेचा कोटा किती उरला" ही चर्चा का रंगते, ते यावरून कळेल.

पोफळीचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. तेथील पहिले जनित्र १९६२ मध्ये सुरू झाले. आत जायला परवानगी लागते, म्हणून आम्ही बाहेरूनच माहिती घेतली. पाणी येथे पावणेपाचशे मीटर खाली पडते. एवढ्या उंचीवरून एक घनमीटर पाणी उतरले की एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. वापरलेले पाणी कोळकेवाडी धरणात साठते, तेथे पुन्हा एकदा वीज देते आणि मग अलोऱ्याच्या बाजूने कालव्यातून वाशिष्ठीकडे जाते. या पाण्याला तिकडे "अवजल" म्हणतात. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह धरून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

कालव्याच्या काठावर गाडी थांबवली. एप्रिलच्या उन्हात काठोकाठ पाणी चाललेले. आमच्यातले एक वयस्क सभासद बराच वेळ बघत उभे राहिले नि म्हणाले, "आमच्या विहिरीनं तळ दावलाय, आणि हितं बघा!" त्यांच्या बोलण्यावर कोणी हसले नाही.

चिपळूणची पेठ

चिपळूण हे जुन्या काळचे नाक्याचे गाव. घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य, मिरची, हळद, गूळ कुंभार्लीने खाली उतरायचे. दाभोळच्या खाडीतून गलबते गोवळकोट बंदरापर्यंत यायची, आणि परतीच्या बैलांवर मीठ, नारळ, सुकी मासळी चढायची. आगगाडी आणि मोटार आल्यावर बंदर ओसरले, पेठ मात्र टिकली. आजही मासळीबाजारात एका बाजूला बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, दुसऱ्या बाजूला सोडे, सुकट, बोंबील असा थाट असतो. पलीकडे कोकम, काजूगर, आंब्याच्या पेट्या. आमच्या महिला सभासदांनी सुकट घेताना जो भाव केला, तो पाहून विक्रेतीच म्हणाली, "घाटावरच्या बायांशी बोलायचं म्हंजे दमच लागतो हो!"

किराणा दुकानात गुळाची ढेप दिसली. दुकानदाराने अभिमानाने सांगितले, "घाटावरचा आहे. गणपतीत मोदकाला हाच लागतो." गूळ कुठला हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती!

त्याच दुकानदाराने भिंतीवर डोक्याच्याही वर असलेली एक खूण दाखवली. २२ जुलै २०२१ चा पूर. त्याआधी २६ जुलै २००५ चा. २०२१ ला अतिवृष्टीने वाशिष्ठी आणि शीव या दोन्ही नद्या गावात शिरल्या आणि खाडीच्या भरतीने पाण्याचा निचरा अडवला. बाजारपेठ गाळाखाली गेली. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचेही दोन्ही पुरांत नुकसान झाले. पुरानंतर नागरिकांनी साखळी उपोषण करून नदीतला गाळ काढण्याची मागणी लावून धरली आणि पुढे ते काम सुरू झाले.

येथे एक गोष्ट आमच्या नीट ध्यानात आली. आपण म्हणतो, पाणी कोकणाला जाते. चिपळूणकर विचारतात, "ऐन पावसात आमची नदी दुथडी भरलेली असताना वरून वीज करून आणखी पाणी कशाला सोडता?" उन्हाळ्यात आपण त्याच पाण्यासाठी झुरतो. एकाच पाण्याबद्दल घाटाच्या वर एक तक्रार आणि घाटाच्या खाली दुसरी. दोन्ही ऐकल्याशिवाय कोणाचेच म्हणणे पुरते कळत नाही.

खाडीतून होडीने

आपल्या नदीला विजयवाड्याखाली त्रिभुज प्रदेश आहे. तिथे गाळाच्या सपाट जमिनीवर कालव्यांचे जाळे पसरलेले आहे. कोकणातल्या नद्यांना एवढी लांबीच नाही. डोंगर उतरल्या की समुद्र. म्हणून येथे खाडी. वाशिष्ठीला खेडकडून येणारी जगबुडी मिळते आणि दोघी मिळून दाभोळच्या खाडीत जातात.

होडी केव्हा सुटणार ते घड्याळ ठरवीत नाही, भरती ठरवते. होडीवाल्या भोई बंधूंनी आम्हाला त्यांचे गणित शिकवले. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे समुद्रावर नऊला भरती. आत गोवळकोटपर्यंत पाणी चढायला आणखी तासभर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. पंचांग आपल्याही घरी असते, पण त्याचा असा रोजचा उपयोग पाहून सगळ्यांना कौतुक वाटले.

दहाच्या सुमारास गोवळकोटच्या धक्क्यावरून निघालो. वर गोविंदगड, पायथ्याशी करंजेश्वरीचे देऊळ. दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडी आणि मधे मधे बेटे. पाणी उतरू लागले तसा काठचा चिखल उघडा पडला आणि त्यावर मगरी ऊन खात पडलेल्या दिसल्या. लांबून ओंडकाच वाटतो. होडी जवळ गेली की ओंडका सरसर पाण्यात! या मगरींमुळे हल्ली पर्यटक येतात आणि होडीवाल्यांना चार पैसे मिळतात.

पण मासेमारीबद्दल विचारताच त्या भोई बंधूंचा चेहरा उतरला. "पूर्वी जाळं टाकलं की पाटी भरायची. आता वरून कारखान्यांचं पाणी येतं. कधी कधी मासा उलटा होऊन तरंगतो. कुणाला सांगायचं?"

होडीत क्षणभर कोणी बोलले नाही. कारण हे वाक्य आपण दुसरीकडेही ऐकलेले आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी मासे मरून तरंगतात तेव्हा बोट साखर कारखान्यांकडेही दाखवले जाते. कारखाना आपला आहे, आपण त्याचे भागधारक आहोत. तेव्हा सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा बारमाही चालते की नाही, हा प्रश्न सभेत विचारणे आपलेच काम आहे. उताऱ्याचा आकडा आपण जितक्या तत्परतेने विचारतो, तितक्याच तत्परतेने हेही विचारावे. वरच्याने सोडलेले खालच्याला भोगावे लागते, मग नदी वाशिष्ठी असो की कृष्णा.

दाभोळचा धक्का

जेवणे उरकून गाडीने धोपाव्याला गेलो. तेथून २००३ पासून फेरीबोट चालते. मोटारी, माणसे, दुचाक्या सगळे एका बोटीवर चढते आणि पलीकडे दाभोळला उतरते. आमची बस बोटीवर चढली तेव्हा कित्येकांनी देवाचे नाव घेतले.

दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळचे नामांकित बंदर. १५०८ च्या डिसेंबर अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले, तरी पुढे पुन्हा उभे राहिले. १६५९ मध्ये बांधलेली मशीद धक्क्याजवळ अजून दिमाखात उभी आहे. गावाजवळ चंडिकादेवीचे भुयारातले स्थान आहे. तेथे समईच्या उजेडात दर्शन घ्यावे लागते.

सायंकाळी भरती लागली तशा होड्या धक्क्याला येऊ लागल्या. मासळीचे ढीग पडले आणि लिलाव सुरू झाला. बोली उघड्या तोंडाने, मिनिटा-दोन मिनिटांत सौदा पुरा. सकाळचा भाव संध्याकाळी नाही, आजचा उद्या नाही. बर्फ, डिझेल, खलाशांचा वाटा जाऊन उरेल ते आपले. एका नाखवाला आम्ही विचारले, "तुम्हाला सरकारचा बांधलेला भाव नाही का?" तो हसला. "मासा काय वजनकाट्यावर उभा ऱ्हाऊन वाट बघतो व्हय?"

आपल्या उसाला एफ.आर.पी. आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते पाळले जावे म्हणून भांडावे लागते, हे खरे. पण भांडायला कायदा हाताशी आहे आणि कारखान्यात आपले मत आहे. नाखवाजवळ यातले एकही नाही. सहकाराची किंमत परक्या धक्क्यावर उभे राहिल्यावर अधिक कळते.

हिशेब

परतीच्या प्रवासात गाडीत हिशेब मांडला. ६७.५ टी.एम.सी. म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी वीस ते पंचवीस हजार घनमीटर पाणी लागते असे धरतात. पंचवीस हजार धरले तर पश्चिमेला जाणाऱ्या पाण्यात सुमारे ७६ हजार हेक्टर ऊस भिजेल. आकडा ऐकून गाडीत एकच गलका झाला. "मग अडवा की!"

अभियंता साहेबांनी शांतपणे दुसरी बाजू सांगितली. खाली गेलेले पाणी पुन्हा तेवढेच वर चढवायचे तर त्याने दिली त्याहून जास्त वीज खर्चावी लागेल. वीज बंद करावी तर आपल्या मोटारी आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना कशावर चालणार? नदीचे पाणी उचलायलाही वीजच लागते. अवजल कोकणातच शेतीला वापरावे किंवा मुंबईला न्यावे, अशा योजनांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ते निर्णय सरकारचे आणि लवादाच्या चौकटीतले. आपण मागणी जरूर करावी, जोर लावून करावी.

पण एक कालवा पूर्णपणे आपल्या हातात आहे. तो आपल्या बांधावरचा. ठिबकने उसाचे पाणी तीस ते पन्नास टक्के वाचते. पंचवीस हजारांचे पंधरा हजार झाले, तर हेक्टरमागे दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर शिल्लक. असे शंभर हेक्टर झाले की शंभर कोटी लिटर. तेवढ्यासाठी लवाद नको, मंत्रालय नको. शिवाय जादा पाण्याने खारफुटीला गेलेल्या जमिनी आपल्या भागात कमी नाहीत, त्यांचाही प्रश्न हलका होईल.

ज्या सभासदांना ही सहल करावयाची आहे, त्यांनी गटाने नावे द्यावीत. निघण्यापूर्वी तिथी पाहावी, होडीत पाण्यात हात घालू नये, लहान मुलांना मधे बसवावे, टोपी आणि प्यायचे पाणी बरोबर घ्यावे. दाभोळहून परतायला मध्यरात्र होते, तरी शक्यतो घरातल्या तरुण मुलाला आणि सुनेला पाठवा. उद्या पाणीवाटपाच्या सभेत त्यांनाच बसायचे आहे. दोन्ही काठ पाहून आलेला माणूस तिथे नीट बोलेल.