वारीच्या वाटेवरचा अभ्यासक: वहीपासून कॅमेऱ्यापर्यंत

माणसांचा अभ्यास करायला निघालेल्यांनी कॅमेरा फार लवकर हाती घेतला. आल्फ्रेड हॅडन १८९८ साली टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत तो घेऊन गेले आणि तिथल्या बेटांवरची नृत्ये त्यांनी टिपली. पुढच्याच वर्षी मुंबईत छायाचित्रकार सावेदादांनी कुस्तीचा सामना चित्रित केला. म्हणजे यंत्र आपल्याकडेही होते, पण आपल्या लोकजीवनाचे अभ्यासक पुढे कित्येक वर्षे प्रामुख्याने लेखणीवरच विसंबले.

त्या लेखणीने मोठे काम केले. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर पायी चालल्या. एकाच दिंडीत भजन एकत्र होते, पण जेवणाच्या पंगती जातीनुसार वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिले आणि त्याची खंत मोकळेपणाने लिहिली. दि. बा. मोकाशींचे वारीचा अनुभव सांगणारे ‘पालखी’ १९६४मध्ये आले.

लेखणीपलीकडे गेलेले गुंथर सोंथायमर हे मूळचे कायद्याचे अभ्यासक. हायडेलबर्गचा हा जर्मन विद्वान महाराष्ट्रातल्या धनगरवाड्यांवर रमला. धनगरांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६मध्ये निघाला. पुढे हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत त्यांनी वारीवर चित्रपट केला. ओवी कागदावर उतरवली की तिचा सूर आणि गाणाऱ्याचे हातवारे निसटतात. कॅमेऱ्याने ते राखता येतात. १९९२मध्ये सोंथायमर गेले.

मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यालाही वारीचा हा विषय परका नाही. इथल्या गावांतूनही दिंड्या पंढरीला जातात. शेगावची गजानन महाराजांची पालखी परतताना याच जिल्ह्यातून जाते. तिच्या स्वागताला रांगोळ्या पडतात, गावोगाव पंगती उठतात. आषाढी होऊन गेल्यावरची ही परतवारीही तितक्याच बारकाईने पाहण्यासारखी आहे. पंगतीसाठी धान्य कोण देते, वाढायला कोण उभे राहते, मुक्कामाची जागा कशी ठरते, हे प्रश्न इरावतीबाईंच्याच परंपरेतले आहेत.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र नुसत्या चित्रणाने अभ्यास होत नाही. त्यासाठी माणसांत राहावे लागते, त्यांची संमती घ्यावी लागते, आणि तयार झालेला चित्रपट आधी त्यांनाच दाखवून त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना ही शिस्त शिकवावी. परतवारीचा चित्रपट इथल्याच मुलामुलींनी करावा, आणि त्याचा पहिला खेळ पंगत वाढणाऱ्या गावात व्हावा.