बावीस शाळा, एकच कपाट

जूनमधली गोष्ट, ऐन प्रवेशाच्या दिवसांतली. सकाळी आठला फोन आला, "मॅडम, शाळेची साइट पांढरी पडलीय. पालक विचारतायत, काय सांगू?" एका शिक्षणसंस्थेच्या बावीस शाळांच्या साइट मी सांभाळते. आदल्या रात्री मी एक जुनी थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साचा, पुसून टाकली होती. ती कुणी वापरत नाही अशी माझी समजूत होती, पण एका शाळेची साइट तिच्यावरच उभी होती.

या सगळ्या साइट एकाच वर्डप्रेसवर चालतात. त्याला मल्टिसाइट म्हणतात. पूर्वी ही सोय वर्डप्रेस एमयू नावाने वेगळी मिळायची. जून २०१० मधल्या ३.० आवृत्तीपासून ती मूळ वर्डप्रेसमध्येच आली. प्रत्येक साइटचा मजकूर आणि सेटिंग वेगवेगळ्या तक्त्यांत राहतात, थीमचं कपाट मात्र सगळ्यांचं एकच. साइटच्या नोंदीत फक्त थीमचं नाव असतं. कपाटातून थीम गेली तरी नाव तसंच राहतं, आणि वाचणाऱ्यासमोर कोरं पान येतं.

या कपाटाची किल्ली सगळ्या साइटच्या मिळून, म्हणजे नेटवर्कच्या, ॲडमिनकडे असते. नवी थीम इन्स्टॉल करणं त्याच्याच हातात. शाळेचा ॲडमिन फक्त चालू ठेवलेल्या थीममधून निवडू शकतो. थीम सगळ्या साइटना खुली करता येते किंवा एखाद्याच साइटला देता येते. नवशिक्यांची फसगत होते ती बंद करण्यात. नेटवर्कवर थीम बंद केली, तरी जी साइट ती वापरतेय तिच्यावर ती तशीच चालू राहते. दुसरी थीम लावल्यावरच जुनी तिथल्या यादीतून नाहीशी होते. म्हणून आधी बंद करायची, मग एकेक साइट उघडून पाहायची आणि पुसायचं सर्वांत शेवटी. थीमच्या यादीत कोणती थीम कोणत्या साइटवर आहे हे आपोआप दिसत नाही. मी त्याचा तक्ता वहीत ठेवते.

थीम निवडणारे असतात शाळेचे क्लार्क किंवा संगणकाचे शिक्षक, आणि ते निवडतात यादीतल्या थीमच्या कार्डावरचं चित्र बघून. बाराशे बाय नऊशे पिक्सेलचा तो स्क्रीनशॉट थीम बनवणाऱ्याने दिलेला असतो: इंग्रजीतली चार मोठी अक्षरं आणि सुंदर फोटो. त्या जागी मराठी आली की खरी परीक्षा सुरू होते. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत अंतर सोडलेलं असतं. तेच अंतर देवनागरीत शिरोरेखा तोडतं आणि शब्द सुटासुटा होतो. ओळींची उंची कमी ठेवून वरचा भाग झाकलेला असेल, तर वेलांटी आणि रफार छाटले जातात. 'विद्यार्थी'चा रफार गेला की उरतं 'विद्याथी'. शाळेच्या साइटवर, पहिल्याच पानावर! हे मला सहन होत नाही.

यावर उपाय म्हणजे चाइल्ड थीम. एक छोटा फोल्डर, त्यात स्टाइल डॉट सीएसएस ही फाइल आणि तिच्या माथ्यावर मूळ थीमचं नाव सांगणारी एक ओळ. आपल्या दुरुस्त्या तिथे लिहायच्या. थेट मूळ थीममध्ये लिहिल्या तर पुढच्या अपडेटमध्ये त्या वाहून जातात, आणि इथे ती थीम वापरणाऱ्या प्रत्येक शाळेतून एकदम जातात. माझ्या चाइल्ड थीममध्ये अक्षरांतलं अंतर शून्य आहे, ओळींची उंची वाढवलेली आहे आणि मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हा फॉन्ट आहे. साइटची भाषाही मराठी ठेवायची. मग ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, तिथे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात.

मग मी कार्डंच बदलली. स्क्रीनशॉटमध्ये आता आमच्याच एका शाळेचं पान आहे, 'माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यालय' हे लांबलचक नाव आणि प्रवेशाची नोटीस यांसकट. सोबत मराठीत वर्णन: "नोटिसा रोज बदलत असतील तर ही घ्या." "फोटो जास्त असतील तर ही." अशा चारच थीम खुल्या ठेवल्यात. सगळ्यांना एकच लावा, असं संस्थेतून सुचवलं गेलं होतं. मी ते मान्य केलं नाही. गावातल्या माणसाला आपली शाळा ओळखू यायला हवी. रंग आणि लोगो प्रत्येक साइटपुरते, त्या त्या थीमच्या नावाने साठवलेले असतात. थीम बदलून पाहिली आणि पुन्हा जुनीवर आलात, तर ते परत मिळतात. क्लार्कना हे सांगितलं की त्यांचा हात मोकळा होतो.

गेल्या रविवारी वही उघडून बसले. तीन महिन्यांपूर्वी बंद केलेली एक थीम रात्रशाळेच्या साइटवर अजून चालू आहे. तिच्यावर परीक्षेचं वेळापत्रक लागलेलं आहे, म्हणून हात लावला नाही. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. परीक्षा संपली की दोघं शेजारी बसून बदलू.