अंगातले गंधक आणि यकृताचा हिशेब



उसाला खत घालताना आपण नत्र, स्फुरद, पालाश मोजतो आणि गंधक विसरतो. कोवळी पाने पिवळी पडली की मग आठवण होते. माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. अंगाला गंधक मिळते ते मुख्यतः प्रथिनांतून.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यातल्या दोन मण्यांत गंधक असते, मेथिओनिन आणि सिस्टीन. मेथिओनिन अंगात तयार होत नाही, ते ताटातूनच यावे लागते. त्यातले गंधक घेऊन यकृत, म्हणजे लिव्हर, सिस्टीन बनवते. मोठ्या माणसाला रोज दर किलो वजनामागे ही दोन्ही मिळून सुमारे १५ मिलिग्रॅम लागतात.

सिस्टीनचे यकृत काय करते? काही अंगाच्या बांधणीला देते. काहीपासून ग्लुटाथायोन बनवते. हा अंगातला राखणदार, विषारी द्रव्ये निकामी करणारा. उरलेले जाळून त्याचे टॉरिन व सल्फेट करते.

हे जाळण्याचे काम एक एन्झाइम करते. उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की खाण्यात प्रथिने वाढली की काही तासांतच यकृतात हे एन्झाइम पुष्कळ वाढते. कमी झाली की तितकेच घटते. गंमत अशी, की यासाठी नवी भरती फारशी होत नाही. एरवी हे एन्झाइम सतत मोडीत निघत असते; सिस्टीन वाढले की ती मोडतोड थांबते. हंगामी कामगाराला सीझनमध्ये घरी पाठवीत नाहीत, तसेच हे! टंचाईत यकृत जाळणे आवरते आणि उरले-सुरले सिस्टीन बांधणीसाठी व राखणदारासाठी जपते. पण काटकसरीलाही सीमा असते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडे पाहा. झाई-बोर्डीपासून चिंचणीपर्यंत किनाऱ्याला बोंबील वाळतात. सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम प्रथिने. तिथून काही कोसांवर डोंगराकडच्या वारली पाड्यांत, आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली, की पुष्कळ घरांत नागलीची भाकरी, नाहीतर भात आणि मिरची एवढ्यावरच भागते. नागली वाईट नव्हे, तिच्यात मेथिओनिन बऱ्यापैकी असते. पण १०० ग्रॅममागे एकूण प्रथिने ७ ग्रॅमच. डाळीत प्रथिने भरपूर, पण मेथिओनिन कमी. म्हणून दोघींची जोडी हवी. वर सुकटीची चिमूट किंवा अंडे मिळाले तर सोन्याहून पिवळे. राज्य सरकारने २०१५ साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी एक वेळचा चौरस आहार सुरू केला, पुढे मुलांना अंडीही दिली. त्यामागचा एक हिशेब हाच.

अंगावर सूज आलेल्या कुपोषित मुलांत ग्लुटाथायोन कमी आढळते. अशा मुलाला ताप आला आणि घाईघाईने पॅरासिटामॉलची मात्रा वरचेवर दिली, तर धोका वाढतो. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी होतो आणि त्याला निकामी करायला ग्लुटाथायोनच लागते. औषध चांगले आहे. पण मात्रा वजनावर ठरते आणि उपाशी मुलासाठी डॉक्टरला विचारूनच द्यावी. मात्रा जास्त झाली तर दवाखान्यात जो उतारा देतात, तो सिस्टीनपासूनच बनवलेला असतो.

आणि आपण? डहाणू लांब आहे, असे म्हणून सुटका नाही. ऊसतोडीच्या कोपीवरचे पोर सकाळी चहात भाकरी बुडवून खाते. आपल्याही कित्येक घरांत चहा-बिस्किटाने न्याहारी उरकते. आपण साखर पिकवणारे. तरी सांगतो, साखरेत ना प्रथिन ना गंधक. येत्या हंगामात टोळ्या आल्या की कोपीवर पसाभर तूरडाळ द्या. उसाच्या बिलात ती दिसणार नाही, पण त्या पोराच्या अंगी लागेल.